ईयोब गप्प बसला नव्हता

गेल्या काही महिन्यांत एक संदेश आमच्या मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेला आहे. त्याचा आशय असा: खरा ख्रिस्ती माणूस तक्रार करत नाही, बायबलमधल्या ईयोबाचे सर्वस्व गेले तरी त्याने चकार शब्द काढला नाही, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले, म्हणून मारणाऱ्याला जाब विचारू नये, प्रीती सर्व काही सहन करते, म्हणून स्त्रीने घरातले घरातच सोसावे, आणि ज्याला हे जमत नाही त्याचा विश्वास कमी पडतो. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. परंतु पवित्र शास्त्राच्या नावावर खपवली जाणारी ही शिकवण पवित्र शास्त्रात नाही, आणि तिच्या ओझ्याखाली माणसे दबलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

ईयोबापासून सुरुवात करू. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे त्याचे उद्गार सर्वांना पाठ असतात, पण ते पहिल्या अध्यायातले आहेत आणि त्याच्या नावाच्या ग्रंथाचे अध्याय आहेत ४२. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्यानंतर तो मित्रांशी वाद घालतो, आपण निर्दोष असल्याचे पुन्हा पुन्हा सांगतो आणि खुद्द देवानेच आपल्याला उत्तर द्यावे अशी मागणी करतो. शेवटी देव रागावतो तो ‘तुझेच काही चुकले असेल’ असे ईयोबाला सुनावणाऱ्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना सांगतो. याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या धीराची आठवण दिली आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. भाराखाली टिकून राहणे, जागा न सोडणे, हा त्याचा अर्थ. ईयोबाने देवाशी बोलणे सोडले नाही, हाच त्याचा धीर. गप्प तर त्याचे मित्रच बसले होते, पहिले सात दिवस. आणि ते तसेच बसून राहिले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या गालाविषयीची आज्ञा सूड घेऊ नका असे सांगते, आणि ती अवघड आहे. तिची धार मला बोथट करायची नाही. परंतु ती देणाऱ्या प्रभूच्या स्वतःच्या तोंडात प्रमुख याजकाच्या वाड्यात एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने काय केले हे योहानाच्या अठराव्या अध्यायात लिहिले आहे. त्याने हात उगारला नाही, पण मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नसेन तर मला का मारतोस, असे त्या शिपायाला विचारले. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीवाचून छड्या मारून तुरुंगात टाकले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देण्याचा निरोप आला, तेव्हा आपण रोमी नागरिक आहोत हे सांगून तो अडून बसला आणि अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावले. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. इतका चिवट धीर क्वचितच कोणी दाखवला असेल. याच रमाबाईंनी १८९७ मध्ये, पुण्यातल्या प्लेगच्या दिवसांत, रुग्णालयात होणाऱ्या स्त्रियांच्या हेळसांडीविरुद्ध सरकारची भीड न बाळगता वृत्तपत्रात लिहिले.

आता घरातल्या सोसण्याविषयी. या मुद्द्यावर मला शांतपणे लिहिणे जड जाते. मनगटाला पट्टी बांधलेल्या एका बाईला मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी १ करिंथ १३, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय, वाचून दाखवला तेव्हा मी तिथे होते. ती मान खाली घालून ऐकत होती आणि पट्टीचे टोक पुन्हा पुन्हा आत खोचत होती. तिचा नवरा त्या खोलीत नव्हता. त्याला कोणी बोलावलेही नव्हते. वास्तविक ‘प्रीती सहनशील आहे’ याच उताऱ्यात प्रीती चिडत नाही आणि अनीतीत आनंद मानत नाही असेही म्हटले आहे, म्हणजे तो अध्याय आधी त्याला वाचून दाखवायला हवा होता. शिवाय ते पत्र कोणत्या मंडळीला लिहिले आहे हेही पाहावे. करिंथमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यावर पौल उपाशी राहणाऱ्यांना धीर धरायला सांगत नाही. एकमेकांसाठी थांबा, हे त्याचे सांगणे ताटावर आधी बसणाऱ्यांना आहे. ज्याच्या हातात जोर आहे त्याच्याकडून धीराची पहिली अपेक्षा आहे. मार खाणारी बाई २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली, तर तिने कोणतीही आज्ञा मोडलेली नाही.

राहिला विश्वास कमी पडण्याचा आरोप. सुमारे इ. स. २०० मध्ये कार्थेजच्या तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने धीरावर एक निबंध लिहिला, आणि आरंभीच कबुली दिली की आपण स्वतः अधीरतेच्या तापाने सदा आजारी आहोत आणि आजारी माणूस आरोग्याचे गुण गातो तसे हे लिहीत आहोत. ते वाचून मला फार आधार वाटला. माझ्या वडिलांची स्मृती गेली आहे. मंगळवार असो की शुक्रवार, ते धुतलेला सदरा घालून, उपासना संगीताचे पुस्तक मांडीवर घेऊन दाराशी बसतात आणि विचारतात, “निघायचं ना चर्चला?” पहिल्या तीन वेळा मी नीट उत्तर देते. चौथ्या वेळी माझा आवाज चढतो आणि त्यांचा चेहरा उतरतो. आत्म्याच्या फळांत, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांत, जी सहनशीलता सांगितली आहे, तिचा ग्रीक शब्द ‘माक्रोथुमिया’ म्हणजे राग लांबवणे; राग येणारच नाही असे त्यात कुठेही गृहीत धरलेले नाही. हल्ली मी उत्तर देण्याऐवजी त्यांच्याजवळ बसते, पुस्तक उघडते आणि आम्ही एक गीत म्हणतो. शब्द त्यांना अजून सगळे येतात. गीत संपले की ते पुस्तक मिटून सदऱ्याची गुंडी चाचपतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात.