लेझीमचे गुण किती?

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या मुलीच्या शाळेत नववीच्या पालकांची सभा झाली. दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक सांगून झाले, शनिवारचे खेळाचे आणि कार्यानुभवाचे तास यापुढे गणित व विज्ञानाला दिले जातील असे जाहीर झाले, वार्षिक परीक्षा आटोपताच एप्रिलमध्ये दहावीचे जादा वर्ग सुरू होणार हेही कळले आणि मग शारीरिक शिक्षणाच्या सरांनी, जरा चाचरतच, प्रजासत्ताक दिनाच्या लेझीम पथकाचा विषय काढला. मागच्या बाकावरून एका वडिलांनी विचारले, “लेझीमचे गुण किती मिळतात?” सर म्हणाले, “शाळेच्या पथकाला गुण नसतात.” त्यावर आपल्या मुलाचे नाव कमी करा, असे त्या वडिलांनी तिथल्या तिथे सांगून टाकले आणि त्यांच्यामागून आणखी काही हात वर झाले. कोणी हसले नाही. तो प्रश्न विचित्र आहे असे मलाही घरी पोहोचेपर्यंत वाटले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

त्या वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हा प्रश्न त्यांना आपल्या निकालपत्रानेच शिकवला आहे. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात 7 गुण वाढतात, बी श्रेणीला 5 आणि सी श्रेणीला 3. खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार 25 पर्यंत सवलतीचे गुण मिळतात, आणि शास्त्रीय कला व लोककला यांनाही ठरावीक प्रमाणपत्रे जोडल्यास गुण आहेत. त्यात ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची, म्हणजे सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाचच विषय मोजण्याची सोय धरली, म्हणजे 2025 च्या निकालात राज्यातील 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण कसे पडले, याचा उलगडा होतो. अकरावीच्या प्रवेश यादीत अर्ध्या टक्क्याने महाविद्यालय हुकते, तेव्हा 7 गुणांवर पाणी सोडा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आम्हीही सोडले नाही. मुलीने इंटरमिजिएट दिली, त्यासाठी खासगी वर्ग लावला. स्थिरचित्रासाठी तिथे एक तांब्या, दोन वांगी आणि चुण्या पडलेले कापड मांडलेले असे, ते ठीकच होते. खरी गंमत स्मरणचित्राची होती. विषय बाजाराचा येवो, बसथांब्याचा येवो की पावसाळ्याचा, मुलांनी चार-पाच माणसे आधीच घोटून ठेवायची आणि आयत्या वेळी ती जागा बदलून उभी करायची, अशी तिथली रीत होती. माझ्या मुलीच्या वाट्याला छत्रीवाला म्हातारा आला होता. सहा महिने तिने तोच काढला. परीक्षेत जत्रेचे चित्र काढले, तरी तो छत्री घेऊन पाळण्याशेजारी उभाच होता. परीक्षा झाली आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली, ती अजून खाली आलेली नाही. लहानपणी भिंती रंगवल्या म्हणून जिला आम्ही रागावत असू, तिने आता पेन्सिलीने समासात एक पानही काढलेले मला दिसत नाही.

मी स्वतः नववीत असताना, म्हणजे 1993 साली, आमच्या वर्गाचे हस्तलिखित निघत असे. त्याची एकच प्रत निघे, कारण छपाईला पैसे नव्हते. अक्षर बरे म्हणून दुसऱ्यांच्या कथा-कविता लिहून काढण्याचे काम माझ्याकडे होते. एका कथेत मी ‘जीर्ण’ हा शब्द ‘जिर्ण’ असा लिहिला. ब्लेडने खरवडून सुधारू का, असे विचारल्यावर बाईंनी पान उजेडासमोर धरले आणि “खरवडलेले इथून दिसते,” एवढेच म्हणाल्या. ते पान मी तीनदा लिहिले. दुसऱ्या वेळी शब्द बरोबर आला, पण शेवटच्या ओळीवर शाई सांडली. त्या वर्षीचा भूमितीतला एकही प्रमेय मला आज धड आठवत नाही, पण ‘जीर्ण’ लिहिताना हात अजून थबकतो.

खेळाडूंच्या गुणांना मात्र माझा विरोध नाही. तालुक्याच्या मैदानावर पहाटे सराव करून, एसटीने जिल्ह्याच्या आणि विभागाच्या स्पर्धांना जाणाऱ्या मुलीचे तास खरोखरच बुडतात. तिला मिळणारे गुण ही त्या बुडालेल्या तासांची भरपाई आहे आणि ती मिळायलाच हवी. गुण सुरू झाल्यामुळेच अनेक शाळांत चित्रकलेचा तास वाचला, हे एका कलाशिक्षकांनी मला सुनावले, तेही मला नाकारता आले नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, ज्याला गुण नाहीत त्याला वेळापत्रकात जागाच उरलेली नाही. आणि ज्यांना नुसती श्रेणी आहे, त्या विषयांची गतही पाहा. ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ आणि ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हे दोन्ही विषय नववी-दहावीला रीतसर आहेत, पण बहुतेक घरांत त्यांच्या वह्या जानेवारीत एकाच बैठकीत, एकमेकींच्या बघून पुऱ्या होतात. कलेचा रसास्वाद उतरवून काढण्याची ही कला बाकी मुलांना उत्तम साधली आहे.

आम्ही सात पालकांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे. शनिवारचे दोन तास नववीला वर्षभर आणि दहावीलाही निदान दिवाळीपर्यंत खेळ, लेझीम, हस्तलिखित यांसाठी राखावेत आणि त्या तासांना कोणतेही गुण, श्रेणी किंवा प्रमाणपत्र असू नये, एवढीच मागणी त्यात आहे. शेवटच्या अटीवर आमच्यातल्याच दोघांनी सही करण्यापूर्वी बराच विचार केला, आणि खोटे कशाला बोलू, त्या दोघांत माझी पत्नी होती. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

लेझीम पथकात 34 मुले-मुली होती, ती आता 19 उरली आहेत. विषम संख्येमुळे जोड्या लागत नाहीत, म्हणून परवापासून सरावाच्या वेळी शेवटच्या मुलासमोर सर स्वतःच लेझीम घेऊन उभे राहतात.