फुलांची आणेवारी

साताऱ्यात घर असलेल्या माणसावर ऑगस्टच्या मध्यापासून नातेवाइकांचं प्रेम अचानक वाढतं. उन्हाळ्यात ज्यांना आमचा फोन उचलायला सवड नसते, तेच आपणहून फोन करतात. तब्येत कशी आहे, पाऊस काय म्हणतो, मुलांची शाळा कशी चाललीय, असं सगळं भराभरा उरकतात आणि मग घसा खाकरून खरं विचारतात, "बरं, फुलं आली का?"

फुलं म्हणजे कासची. कास पठार आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटर, तेही यवतेश्वरचा घाट चढून. मी एका कचेरीत कारकुनी करतो. रोज सकाळी पठारावर जाऊन हजेरीपट घेणं माझ्या कामात बसत नाही. पण "मला माहीत नाही" असं सांगितलं, की समोरच्याला वाटतं, याला आपण यायला नकोय. म्हणून मी आता ठोकून देतो, "चार आणे आलीत." हे उत्तर सगळ्यांना पटतं. पुढच्या आठवड्यात मी "आठ आणे" म्हणतो, त्याच्या पुढच्या आठवड्यात "बारा". सरकारने पिकांच्या आणेवारीची, म्हणजे सोळा आण्यांपैकी पीक किती आलं या अंदाजाची, कधीच पैसेवारी करून टाकली, फुलांची आणेवारी मात्र अजून माझ्याकडे आहे.

हे पूर्वी नव्हतं. पूर्वी कास म्हणजे साताऱ्याला पाणी देणारा तलाव. "कासचं पाणी आलं का?" हा आमचा प्रश्न, आणि तो बायका गच्चीवरून एकमेकींना विचारायच्या. फुलं तेव्हाही होतीच, पण ती वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि गुरं सोडली तर कुणाच्या खिजगणतीत नव्हती. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कास निघालं. वारसा जगाचा झाला, चहा-पोहे मात्र आमच्याकडेच राहिले.

माझा एक मावसभाऊ पुण्यात असतो. दर सप्टेंबरात तो येतो. "दादा, सकाळी सहाला निघतोय, आठला तुझ्या दारात," असं आदल्या रात्री सांगतो. नऊला त्याचा फोन येतो, "खंबाटकीत अडकलोय." खंबाटकी घाटाची गंमत अशी, की उशिरा उठलेली सगळी माणसंसुद्धा त्यातच अडकतात. बारा वाजता दारात दोन गाड्या लागतात. पहिलीत मावसभाऊ, त्याची बायको, मुलं आणि मावशी. दुसरीत त्याच्या सोसायटीतली मंडळी, ज्यांना मी ओळखत नाही आणि ज्यांनी पोहे दोनदा घेतले. आमची सौ. तिसऱ्यांदा पोहे परतताना माझ्याकडे जे बघते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"बुकिंग केलंयस ना रे?" मी विचारतो. पठारावर दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, नोंदणी आधी करावी लागते. शनिवार-रविवारची तर फार आधी.

"अरे दादा, तू इथलाच. तुझ्या ओळखीचं असेल ना कुणीतरी."

ओळख आहे. यवतेश्वरच्या घाटात कणसं भाजून विकणारा माणूस मला नावाने हाक मारतो. तेवढ्या ओळखीवर आठ-दहा माणसं जागतिक वारशात घुसवता येत नाहीत, हे पुण्याच्या माणसाला पटवून देणं अवघड असतं. शेवटी कुणाच्या तरी फोनवर दुपारच्या शेवटच्या जागा मिळतात आणि "बघ, मिळतं की!" हे वाक्य मला दिवसभर ऐकावं लागतं.

पठारावर पोचल्यावर पहिला भ्रमनिरास असा, की फुलं बारीक असतात. फोनवरच्या फोटोत गुडघाभर जांभळं दिसतं, प्रत्यक्षात नखाएवढं फूल घोट्याच्या खाली असतं. वर जांभा खडक, त्यावर मातीचा पातळ थर. झाडाला मूळ धरायला जागा नाही. म्हणून ही एवढीशी रोपटी पावसाचे चार महिने साधून उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, सगळं उरकून घेतात. हे मी फार रंगून सांगत होतो. सोसायटीतल्या काकूंनी चारी दिशांना बघितलं आणि विचारलं, "पण फुलं आहेत कुठे?"

"तुम्ही उभ्या राहण्याआधी तिथेच होती, काकू."

तेवढ्यात शिट्टी वाजली. आजूबाजूच्या गावांतली पोरं तिथे राखणीला असतात, कुणी पायवाट सोडली की शिट्टी मारतात. त्यातला एक जवळ आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "मावशी, फुलं खाली हायेत. लांब काय बघताय? वाकून बघा." काकू वाकल्या. मग त्यांना सरळ करायला दोघं जण लागले.

पण वाकल्यामुळे त्यांना सीतेची आसवे दिसली. जांभळट, नाजूक, बघणाऱ्याचा जीव वितळावा अशी. मी माहिती पुरवली, की ही वनस्पती कीटक खाते. मुळांपाशी बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले जीव ओढून घेते. काकूंचा त्या दिवशी शनिवारचा उपास होता. त्या दोन पावलं मागे सरल्या. "एवढं सीतेचं नाव, आणि मांसाहार?" पुढे गेंदाचे पांढरे गोळे आले, तेरड्याचा गुलाबी पट्टा आला, पण त्या प्रत्येक फुलाला आधी विचारत होत्या, "हे काही खात नाही ना?"

मावसभावाला मात्र कारवी हवी होती. "ती सगळा डोंगर रंगवते ती. कुठाय?" मी सांगितलं, टोपली कारवी ७ वर्षांनी फुलते. तो विचारात पडला. "मग आता ७ वर्षांनीच येऊ." पठारावरच्या एकाही फुलाने मला त्या दिवशी एवढा आनंद दिला नव्हता. त्याची बायको लगेच म्हणाली, "छे, मधे मधे पण येत राहू. दादांना एकटं वाटेल."

मग धुकं आलं. कासचं धुकं बोलावल्यासारखं येतं आणि आलं की पाहुण्याला पाहुणा दिसत नाही. आम्ही एकमेकांना हाका मारत गाडीपर्यंत आलो. त्यात एक मुलगा जास्तीचा निघाला, तो दुसऱ्या कुटुंबाचा होता, परत केला. रात्री मावसभावाच्या बायकोने फोटो टाकले. त्यातलं जांभळं मी आयुष्यात कुठे पाहिलेलं नाही. खाली लोकांनी विचारलं होतं, "वा! अजून फुलं आहेत का?" तिने उत्तर दिलं होतं, "आमचे दादा साताऱ्यातच असतात, नंबर पाठवते."

रविवारी ठोसेघर. धबधब्याच्या समोर कठड्याशी उभं राहून बघायचं असतं, पण धुक्यामुळे नुसता ऐकला. तिथून सज्जनगड. पायऱ्यांवर सगळे कुरकुरले, महाप्रसादाच्या पंगतीत गव्हाची खीर वाढली तेव्हा गप्प झाले. समर्थांच्या समाधीसमोर काय मागितलं ते मी सांगणार नाही. उतरताना कंदी पेढे. साताऱ्यात प्रत्येक पेढेवाला खरा पेढेवाला असतो, त्यामुळे प्रत्येकाकडे चव बघावी लागते.

फुलं संपली की आमची सुटका होते असं नाही. पौषात आमच्या जिल्ह्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. त्या यात्रेला हाच भाऊ पांढराशुभ्र शर्ट घालून आला. तिथे "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं की आभाळातून भंडारा बरसतो, हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं, असं त्याच्या बायकोचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. रंगपंचमीला वाईजवळ बावधनचं बगाड असतं. होळीच्या रात्री भैरवनाथाला कौल लावून बगाड्या, म्हणजे गाड्यावर टांगून घ्यायचा मानकरी, ठरवतात, उंच शिडाला त्याला टांगतात आणि बैलांच्या जोड्या बदलत बदलत तो गाडा रानातून गावाकडे ओढत नेतात. हा पठ्ठ्या मला फोनवर विचारतो, "दादा, कितीला सुरू होतं? दोन तासांत आटोपेल ना? सावलीतली जागा धरून ठेव." नांगरलेल्या शेतात, लाखभर माणसांत, मी याच्यासाठी सावली धरायची.

२०१२ पासून इथे हिल मॅरेथॉनही भरते. हजारो माणसं पहाटे घाट पळत चढतात, पळत उतरतात, आणि सातारकर रस्त्याच्या कडेला ढोल वाजवून त्यांना चेव आणतात. एका वर्षी मावशी मुक्कामाला होती. गॅलरीतून बराच वेळ बघून तिने सुस्कारा सोडला. "एवढ्या लोकांना एकही यष्टी नाही मिळाली?"

गेल्या वर्षी आमच्या सौ.ने बंड केलं. म्हणाली, "या सप्टेंबरात आपणच त्यांच्याकडे जायचं. गणपती बघू, त्यांच्या हातचे पोहे खाऊ." मला ही कल्पना इतकी आवडली, की मी रजा टाकून शुक्रवारीच तिला घेऊन पुण्याला पोचलो. स्वागत उत्तम झालं. मावशीने दृष्ट काढली. पोहे आले, त्यावर खोबरं-कोथिंबीर होती. सौ. सोफ्यावर मागे टेकून बसली, हे दृश्य मी फार दिवसांनी बघत होतो.

मावसभाऊ संध्याकाळी कामावरून आला आणि मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"दादा! काय योग आहे बघ! उद्याचं कासचं बुकिंग आहे, या वेळी महिनाभर आधी केलंय. तू पुढे बस, रस्ता सांगायला बरा पडशील. आणि वहिनींना म्हणावं पोह्यांची काळजी नको, तुमच्याकडे थांबून गरम गरमच खाऊ."