कंटेनर आले म्हणून पॅकेजरचं काम संपलं का?

घरच्या मीडिया सर्व्हरचा (आपला चित्रपट-गाण्यांचा संग्रह टीव्ही-फोनवर पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. तो इतक्या ठिकाणी जसाच्या तसा चिकटवला जातो की लिनक्सकडे नव्याने वळलेल्यांना तो सर्वमान्य नियमच वाटतो. दावा असा: ‘जेलिफिनसारख्या सॉफ्टवेअरची डेब किंवा आरपीएम पॅकेजेस बनवणं ही वाया गेलेली मेहनत आहे. पॅकेजेस कायम जुनी असतात. कंटेनरमध्ये सगळं येतं, त्याला होस्टकडून काही लागत नाही. तो जास्त सुरक्षित असतो. पॅकेजर फक्त दुसऱ्याचा कोड कंपाइल करतो. आणि काही बिघडलं तर कंटेनरची मागची आवृत्ती एका ओळीत परत आणता येते.’

आधी शब्द स्पष्ट करतो. जेलिफिन हा असाच एक मीडिया सर्व्हर. पॅकेज म्हणजे लिनक्स वितरणाच्या पद्धतीने बसणारं तयार सॉफ्टवेअर (डेबियन-उबुंटूवर डेब, फेडोरावर आरपीएम), आणि ते बनवणारा तो पॅकेजर. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधून बाकी यंत्रणेपासून वेगळं चालवलेलं खोकं. ते ज्या साच्यातून उभं राहतं ती इमेज, आणि ज्या यंत्रावर चालतं तो होस्ट.

माझं कंटेनरशी भांडण नाही. अनेकांसाठी तीच योग्य सोय आहे. पण ‘वाया गेलेली मेहनत’ हे शब्द मला सहन होत नाहीत, कारण ती मेहनत कुठे जाते ते दावा करणाऱ्यांनी पाहिलेलंच नसतं.

ती जाते कंटेनरच्या पोटात. जेलिफिनची अधिकृत इमेज डेबियनच्या पायावर उभी आहे आणि तिच्यात जेलिफिनचं स्वतःचं एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतरित करणारं साधन) डेब पॅकेज म्हणूनच बसवलं जातं. लिनक्ससर्व्हर या गटाची इमेज उबुंटूवर उभी आहे, आणि ती जेलिफिनच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन संग्रहातून) एपीटी या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाने तेच डेब उतरवून घेते. म्हणजे ज्या पॅकेजला निरुपयोगी म्हणायचं, तेच वापरून बनलेली वस्तू त्याचा पर्याय म्हणून दाखवायची. उद्या पॅकेजर थांबले तर इमेज बांधणाऱ्यांना तेच काम पहिल्यापासून करावं लागेल.

‘पॅकेजेस कायम जुनी असतात’ यात अर्धं तथ्य आहे. डेबियन स्टेबलची, म्हणजे डेबियनच्या स्थिर शाखेची, नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते: बुकवर्म जून २०२३ मध्ये आलं, ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्ये. बुकवर्ममधलं एफएफएमपेग ५.१ शेवटपर्यंत ५.१ च राहिलं. पण जेलिफिन डेबियनच्या मुख्य संग्रहात मुळात नाहीच, कारण ते ज्यावर चालतं ते मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट तिथे नाही. डेबियन आणि उबुंटूसाठी जेलिफिन प्रकल्प स्वतःची एपीटी रिपॉझिटरी चालवतो, आणि तिथे नवी आवृत्ती प्रकाशित होते तशी मिळते. आर्च या वितरणाच्या अधिकृत संग्रहात ते आहे, फेडोरावाल्यांसाठी आरपीएम फ्यूजन या स्वयंसेवकांच्या संग्रहात आहे, निक्सओएस या वितरणात त्याचं तयार मॉड्यूल आहे. स्टेबल वितरणाचा वेग म्हणजे सगळ्या पॅकेजांचा वेग नव्हे.

आणि सावकाश चालण्याचाही फायदा असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या लायब्ररीच्या (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या यंत्रात प्रवेश करायला) नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय एवढ्यावरून विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो शोधून काढला. डेबियन स्टेबलच्या वापरकर्त्यांपर्यंत त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या.

आता ‘होस्टकडून काही लागत नाही’. मीडिया सर्व्हरच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात लवकर कोसळतो, कारण या सॉफ्टवेअरचं अवघड काम हार्डवेअरला चिकटलेलं आहे. व्हिडिओ वेगाने ट्रान्सकोड करायला (बघता बघता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला) ग्राफिक्स चिपची मदत लागते. तिचा कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर आणि फर्मवेअर होस्टवरच असतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर होस्टवर बसवायचा आणि वर कंटेनरला ते कार्ड वापरू देणारं कंटेनर टूलकिटही बसवायचं. इंटेलच्या काही चिपांवर कमी विजेवर चालणारं एन्कोडिंग हवं तर कर्नेलला पॅरामीटर द्यावा लागतो. ग्राफिक्सची डिव्हाइस फाइल कंटेनरला दाखवली तरी ती वापरायची परवानगी असलेल्या ‘रेंडर’ गटाचा क्रमांक होस्टवर एक आणि इमेजमध्ये वेगळा असू शकतो. मग परवानगी नाकारली जाते, ट्रान्सकोडिंग मुकाट्याने प्रोसेसरवर येतं किंवा व्हिडिओ सुरूच होत नाही. असे प्रश्न विचारणाऱ्याला ‘होस्टवरच्या गटाचा क्रमांक तपासून तो कंटेनरला द्या’ असं सांगावं लागतं. पॅकेज हेच काम बसवतानाच करतं: सर्व्हरसाठी वेगळा वापरकर्ता तयार करायचा आणि त्याला योग्य गटांत घालायचं.

नेटवर्कचंही तसंच. डीएलएनएवर (घरच्या नेटवर्कवर मीडिया देण्याघेण्याच्या पद्धतीवर) चालणारे टीव्ही सर्व्हर शोधतात ते मल्टिकास्टने, म्हणजे अनेकांना एकदम हाक देऊन, आणि डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कमधून ते पलीकडे जात नाही. शेवटी कंटेनरला होस्टचंच नेटवर्क द्यावं लागतं. डिस्कचा मुद्दा त्याहून त्रासदायक आहे. नेटवर्कवरची डिस्क माउंट व्हायच्या आधी कंटेनर सुरू झाला, तर डॉकर ठरलेल्या मार्गावर रिकामा फोल्डर बनवतो किंवा आधीचा रिकामाच जोडून देतो, आणि सर्व्हरला आपला संग्रह गायब झालेला दिसतो. पॅकेजने बसवलेल्या सर्व्हरला सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) युनिट फाइलमध्ये ‘हा मार्ग माउंट झाल्याशिवाय सुरू होऊ नकोस’ ही एक ओळ पुरते.

सुरक्षिततेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे लोक खरोखर धोका पत्करतात. कंटेनरची भिंत खोटी नाही. सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तर ती त्याला काही प्रमाणात अडवते. पण त्या भिंतीच्या आतल्या लायब्रऱ्या इमेज बांधली त्या दिवसाच्या असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीमध्ये गंभीर दोष उघड झाला (सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२३-४८६३). ही लायब्ररी चित्रं वाचते, आणि पोस्टर, लघुचित्रं असा चित्रांचा ढीग मीडिया सर्व्हर रोज हाताळतो. वितरणांनी एक पॅकेज बदललं आणि त्या सामायिक लायब्ररीवर चालणारं सगळं दुरुस्त झालं. ज्यांनी आपली प्रत सोबत बांधून दिली होती त्या प्रत्येकाला नव्याने बांधणी करावी लागली. इथे पॅकेजचीही मर्यादा सांगायला हवी: जेलिफिन चित्रांसाठी स्कियाशार्प ही तयार लायब्ररी वापरतं, आणि त्यात लिबवेबपी आतच बांधलेली असते. त्यामुळे जेलिफिनच्या डेबलाही ती दुरुस्ती वितरणाकडून आपोआप मिळत नाही. असे बांधलेले तुकडे हुडकून, जमेल तिथे ते सामायिक लायब्ररीकडे वळवणं हे पॅकेजरच्याच कामात येतं.

शिवाय होस्टवर अपग्रेड चालवलं तरी कंटेनरच्या आत काही बदलत नाही. इमेज नव्याने ओढून कंटेनर पुन्हा उभा करेपर्यंत जुनंच चालू राहतं, आणि डॉकर स्वतःहून आठवण करून देत नाही. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेर दिसतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं. फायरवॉल सुरू आहे म्हणून ते निर्धास्त राहतात.

अपडेट न पोचल्याने काय होतं याचं उदाहरण जगजाहीर आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेवर झालेल्या हल्ल्यात एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरचं मीडिया सॉफ्टवेअर वापरून हल्लेखोर आत शिरले. ते प्लेक्स होतं, जेलिफिनसारखाच एक मीडिया सर्व्हर. प्लेक्सने सांगितलं की त्या दोषाची दुरुस्ती मे २०२० मध्येच दिली होती आणि त्यानंतर सुमारे ७५ आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. दुरुस्ती होती, ती त्या यंत्रावर बसलीच नव्हती. घरचा सर्व्हर कुणी रोज उघडून बघत नाही, म्हणून बाकी यंत्रणेच्या नेहमीच्या अपग्रेडबरोबर तोही अपग्रेड होणं मोलाचं आहे.

‘पॅकेजर फक्त कंपाइल करतो’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वितरणांची बांधणी यंत्रं बहुधा इंटरनेटशिवाय चालतात, म्हणजे काय बांधलं याची खात्री राहते. जेलिफिनसारखा डॉटनेटचा प्रकल्प मात्र बांधताना नूगेट या ऑनलाइन संग्रहावरून त्याला लागणारी इतर पॅकेजेस उतरवू पाहतो. मग निक्समध्ये (निक्सओएसच्या पॅकेज यंत्रणेत) त्या प्रत्येकाची आवृत्ती आणि हॅश (फाइल तीच आहे हे पटवणारा ठसा) लिहिलेली यादी सांभाळावी लागते, आणि दर नव्या आवृत्तीला ती पुन्हा काढावी लागते. वेब क्लायंट, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा भाग, वेगळ्या पॅकेजमध्ये असतो आणि त्याची आवृत्ती सर्व्हरशी जुळलीच पाहिजे. डेबियनमध्ये नुसती मिनिफाय केलेली (माणसाला वाचता येऊ नये इतकी आकसलेली) जावास्क्रिप्ट स्रोत म्हणून चालत नाही. परवाने फाइलगणिक तपासावे लागतात. पेटंटचा प्रश्न वेगळाच: फेडोराने २०२२ मध्ये मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातून एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटांसाठीचा हार्डवेअर आधार काढला, तेव्हा आरपीएम फ्यूजनच्या स्वयंसेवकांनी पर्यायी पॅकेजेस देऊन ती उणीव भरून काढली. ते झालं नसतं तर एएमडीच्या चिपा असलेल्यांचं हार्डवेअर डीकोडिंग बंदच राहिलं असतं.

यातलं बरंचसं काम दिसत नाही, कारण ते नीट झालं की काही घडत नाही. तुम्ही बदललेली सेटिंगची फाइल अपग्रेडमध्ये पुसली जात नाही. डेब बसवणारं डीपीकेजी थांबून विचारतं, तुमची ठेवू की नवी घेऊ. तुमचा दोष पॅकेजमधला की मूळ कोडमधला हे कुणीतरी वेगळं करतं आणि मूळ विकासकांकडे नीट मांडतं.

शेवटचा मुद्दा, ‘मागची आवृत्ती एका ओळीत’. इमेज परत येते, डेटाबेस येत नाही. ऑक्टोबर २०२५ मधल्या जेलिफिन १०.११ ने संग्रहाची माहिती नव्या डेटाबेस रचनेत हलवली. एकदा ते स्थलांतर झालं की १०.१० ला तो डेटा वापरता येत नाही. परत जायचं तर अपग्रेडपूर्वीची डेटा फोल्डरची प्रत हवी, मग तुम्ही डेब वापरा नाहीतर कंटेनर. ‘लेटेस्ट’ टॅगवर (इमेजच्या नावातल्या, सर्वांत नवी आवृत्ती देणाऱ्या खुणेवर) आपोआप अपडेट लावून ठेवलेल्यांकडे ती प्रत काढायची वेळच येत नाही. झोपेतून उठेपर्यंत स्थलांतर होऊन गेलेलं असतं. कंटेनर वापरत असाल तर निदान टॅगमध्ये आवृत्तीचा आकडा लिहा, आणि तो बदलण्याआधी सर्व्हर थांबवून डेटा फोल्डरची प्रत काढा.