लिंबाने काटा विरघळत नाही

मासे-चिकन करणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: माशाला लिंबू किंवा व्हिनेगर लावून ठेवलं की बारीक काटे विरघळतात, बोनलेस आणलं की बघायला नको, हाडाजवळ लाल दिसलं तर चिकन कच्चं, आणि काटा अडकलाच तर कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा. चारही चुकीच्या आहेत. शेवटची तर जिवावर बेतू शकते.

लिंबाची गोष्ट पटते, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. हाडाला कडकपणा कॅल्शियमच्या क्षारांमुळे येतो आणि हे क्षार आम्लात विरघळतात. कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं तर ते रबरासारखं वाकतं, पण त्याला काही दिवस लागतात. अर्ध्या तासात माशाचं मांस पांढरं पडतं, काटा होता तसाच राहतो. डबाबंद सामन (सॅल्मन) माशाचे काटे चावून खाता येतात, ते डबा बंद करून ११५ ते १२० अंश सेल्सिअसला बराच वेळ शिजवल्यामुळे.

बोनलेस मासा म्हणजे मधला कणा काढलेला, एवढंच. फिलेच्या, म्हणजे अशा सपाट तुकड्याच्या, जाड भागात बारीक काट्यांची एक ओळ मांसात रुतलेली राहू शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. फिले एका पालथ्या वाडग्यावर पसरा, म्हणजे काट्यांची टोकं वर येतात. मग बोट दोन्ही दिशांनी हलकेच फिरवा. टोचलं की तिथे दुसऱ्या हाताने मांस दाबून धरायचं आणि काटा ज्या बाजूला झुकलाय त्याच बाजूला चिमट्याने ओढायचा. सरळ वर उपटलात तर मांस फाटतं. चिकनमध्ये खरा त्रास हाडाच्या कपच्यांचा. सुऱ्याचे घाव घालत हाड फोडलं की कपच्या उडतात. सांधा शोधून तिथे कापलं तर हाड फुटतच नाही.

हाडाजवळच्या लाल रंगाचं म्हणाल, तर कोवळ्या कोंबडीच्या हाडातून मज्जेचा रंग मांसात उतरतो, विशेषतः फ्रोझन चिकनमध्ये. पांढरं दिसणारं मांसही आतून कमी शिजलेलं असू शकतं. थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंश सेल्सिअस दाखवलं की झालं.

आता भाताचा गोळा. काटा बहुतेक वेळा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. तिथे तो डॉक्टरांना दिसतो आणि चिमट्याने काढता येतो. वरून गोळा ढकलला की काटा आणखी रुतू शकतो किंवा अन्ननलिकेत जाऊन तिला भोक पाडू शकतो. अडकल्यासारखं वाटलं की खाणं थांबवा, घशात बोटं घालू नका. टोचणं थांबलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता ओरखडाच असतो, पण ते घरी बसून ठरवता येत नाही. श्वास अडतोय, लाळ गिळता येत नाही, रक्त येतंय किंवा छातीत दुखतंय, तर ताबडतोब इमर्जन्सी गाठा.