आनंदीबाईंना बाप्तिस्मा दिला व्हॉट्सअ‍ॅपने!

'आनंदीबाईंचे लपवलेले सत्य' हा मेसेज फोंड्याच्या वहिनींनी घरच्या ग्रुपवर टाकला. आता गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शिकणारी पुतणी म्हणते, महिला मंडळात मी यावरच बोलणार. मग लिहिणं आलंच. मेसेजचं म्हणणं असं: डॉ. आनंदीबाई जोशी हार्वर्डला शिकल्या, प्रवेशासाठी ख्रिस्ती झाल्या, अमेरिकेतली कबर हा पुरावा. परतून हजारो रुग्ण बरे केले.

हार्वर्डचं एका दमात उरकते. तिथल्या मेडिकल स्कूलने मुलींना घेतलं १९४५ मध्ये. आनंदीबाईंची पदवी १८८६ ची, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची. १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी निघालेल्या या कॉलेजने १९७० मध्ये मुलग्यांनाही दार उघडलं. आज ते ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलंय.

आता तो बाप्तिस्मा. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी त्यांच्या शिक्षणासाठी मदत मागितली तेव्हा एका मिशनऱ्याने धर्मांतर सुचवलं होतं, एवढं खरं. पण जोशी दांपत्य बधलं नाही. २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या सेरामपूरला, तेही मिशनऱ्यांनीच काढलेल्या कॉलेजच्या सभागृहात, आनंदीबाईंनी भरसभेत सांगितलं की हिंदू म्हणून जाणार आणि परतून हिंदू म्हणूनच राहणार. ते भाषण छापलेलं आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी वाचलंय? पदवीच्या प्रबंधाचा विषय तरी बघा: आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! आणि 'कबर' म्हणे! मृत्यू पुण्यात, दहन पुण्यात. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला गेली ती रक्षा, आणि ती गोपाळरावांनीच पाठवली, अमेरिकेत आनंदीबाईंना घरच्यासारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे.

ते 'हजारो रुग्ण' कुठून आले, मंगेशालाच ठाऊक. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली होती, पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. वय २१.

रुग्ण बरे करणारीच हवी असेल तर त्याच कॉलेजच्या १८९२ च्या पदवीधर गुरुबाई करमरकर घ्या ना. त्या ख्रिस्ती होत्या, उघडउघड, आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं उपचार केले. त्यांचं नावसुद्धा मेसेजमध्ये नाही. वहिनी, लेकीला सांगा, महिला मंडळात गुरुबाईंवर बोल म्हणावं. लागेल ती माहिती मी काढून देते.