‘पोरं कच्ची राहतील’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर पकडी घालून लढायच्या खेळाच्या, सरावात जुन्यांनी नव्या पोरांना सांभाळून कसं घ्यावं यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की आखाड्यात तुम्ही आपटी खाऊन शिकलात आणि मी पोरांना इतकं जपतो की नागपूरच्या मॅटवर ती पहिल्या मिनिटात गार पडतील. ब्राझीलमध्ये या खेळाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या हेलिओ ग्रेसीनं हात मोडला तरी हार मानली नाही, हेही तुम्ही सुनावलंत. तुमच्या पुतण्याला जुन्या पोरांनी ‘हळू घे’ म्हटलं, ते तुम्हाला लागलेलं दिसतं. पोळ्याच्या दंगली गाजवलेल्या माणसाला दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आखाड्याचंच बोलू. तुमच्या उस्तादांनी तुम्हाला आल्याबरोबर दंगलीच्या जोडीला दिलं नसणार. आधी माती खोदायला लावली असेल, दंड-बैठका काढून घेतल्या असतील, मान कमावून घेतली असेल, मग बरोबरीच्या पोराशी धरलं असेल. ते जपणंच होतं. कुस्तीत धोका पडण्याचा, म्हणून तयारी मानेची आणि माती भुसभुशीत. आमच्याकडे धोका दुसरीकडे आहे. पाठ टेकली की तुमची कुस्ती संपते, आमची तिथून सुरू होते. पुढे गळा, कोपर, खांदा, गुडघा यांवर पकड बसते. सांधा कितीही कमावला तरी उलटा वाकायला शिकत नाही.

तुम्ही विचारलंत, पायाची हीलहुक पकड पोरांना का नाही. आर्मबारमध्ये हात धरून कोपर उलटा ताणला की कळ आधी येते आणि पोरगं टॅप करतं, म्हणजे हातानं थोपटून हार मानतं. हीलहुकमध्ये टाच कोपराच्या खाचेत अडकवून पाय पिळतात आणि तो पीळ जाऊन बसतो गुडघ्यात. कळ कळायच्या आत अस्थिबंध तुटलेला असू शकतो. त्यात नव्या पोराला पीळ कुठल्या बाजूनं सुटतो ते ठाऊक नसतं. तो जोरानं वळतो, बरेचदा चुकीच्या बाजूला, आणि स्वतःचा गुडघा स्वतःच्याच ताकदीनं फाडतो. हे एकट्या माझ्या मनाचं नाही. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, गी म्हणजे जाड सुती डगला घालून होणाऱ्या स्पर्धांत हीलहुक कुठल्याच पट्ट्याला, म्हणजे दर्जाला, चालत नाही. बिनगीच्या लढतींतही २०२१ पासून मुभा मिळाली ती प्रौढ तपकिरी आणि काळ्या या वरच्या पट्ट्यांनाच. नवख्यांच्या पांढऱ्या पट्ट्याला तर मनगटाची पकडही बंद आहे. दोन्ही पाय कात्रीसारखे टाकून समोरच्याला पाडायचा डाव सगळ्यांनाच बंद आहे. १९८० साली जपानमध्ये जुदोपटू यासुहिरो यामाशिता यांचा पाय त्याच डावानं मोडला. त्यांनीच पुढे १९८४ ला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, म्हणजे गडी कच्चा नव्हता.

आता आपल्या गावची पोरं. डवरणीच्या दिवसांत शेतात राबून संध्याकाळी येतात, अंगात बैलासारखी ताकद, आणि पहिल्यांदा खाली सापडली की घाबरतात. श्वास कोंडतात, हात लांब टाकून उठायला बघतात, नाहीतर पालथी होतात. कुस्तीत पालथं होणं शहाणपणाचं, कारण पाठ वाचते. इथे पालथं झालं की गळा दिला. अशा धडपडीत त्याचं कोपर जोडीदाराच्या तोंडावर बसतं, किंवा त्याचं सगळं वजन दुसऱ्याच्या अडकलेल्या गुडघ्यावर कोसळतं. त्याचा यात दोष नाही, त्याला अजून धोका दिसतच नाही. म्हणून दोघांच्याही शरीराची जबाबदारी मी जुन्यावर टाकतो. जुन्यानं बोलत राहायचं, ‘श्वास सोड, हात आत घे.’ पकड बसली की शेवटचं बोटभर अंतर ओढायचं नाही, तिथेच धरून थांबायचं. टॅप आला नाही तर सोडून द्यायचं आणि तू कुठे अडकला होतास ते दाखवायचं. गळ्याच्या पकडीत दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा-एक सेकंदांत शुद्ध हरपू शकते, आणि नवं पोरगं ईर्ष्येपायी टॅप करत नाही, म्हणून तिथे जुन्यानं हाताइतकेच डोळे वापरायचे. समोरच्याचा हात सैल पडला की सोडायचं. हे करताना जुन्याचा कस जास्त लागतो. जोर लावून जिंकणं त्याला केव्हाच येतं, ताबा ठेवून थांबणं शिकावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. आमच्या मॅट समाजमंदिराच्या काँक्रीटवर अंथरलेल्या असतात. गुडघा गेला तर एमआरआयला यवतमाळ नाहीतर नागपूर. शस्त्रक्रिया झालीच तर पुन्हा मॅटवर यायला नऊ महिने ते वर्ष. ज्या घरी कापूस वेचायला हात मोजकेच, तिथे एका पोराचा गुडघा म्हणजे अख्खा हंगाम. आई-बाप माझ्या भरवशावर पोरगं, आता तर पोरगीही, पाठवतात. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू की सरावात जरा जोर झाला?

हेलिओचं उदाहरण मोठंच आहे. पण ती १९५१ ची रिओच्या माराकाना स्टेडियममधली लढत होती, समोर जपानी जुदोपटू मासाहिको किमुरा होते आणि दोघांना पकडीचं टोक पुरतं ठाऊक होतं. हेलिओनं टॅप केलं नाही, पण त्याच्या बाजूच्यांनी लढत थांबवलीच. सोळा वर्षांच्या पोरासाठी ते थांबवणारं माणूस सरावात कुणीतरी हवं.

तुमचं एक मात्र मला मान्य आहे. स्पर्धेला जाणाऱ्यानं पूर्ण जोराची लढत चाखलेली असलीच पाहिजे. ती आम्ही देतो, वजनानं आणि अनुभवानं बरोबरीच्या जोडीदाराशी, तेही टॅप करणं आणि टॅप ऐकणं अंगवळणी पडल्यावर. अंग कणखर व्हायला सांधे मोडावे लागत नाहीत. मे महिन्यात पत्र्याखाली ऐंशी किलोच्या गड्याखाली दबून, श्वास सांभाळून, इंच-इंच जागा काढत बाहेर यायला लावलं की कच्चेपणा आपोआप जातो.

पुतण्याचा पट, म्हणजे पाय धरून पाडणं, जबरदस्त आहे, तो तुमच्याकडूनच आलाय. खाली सापडला की तो अजून पालथा होतो, तेवढं सुटलं पाहिजे. म्हणून सध्या त्याला प्रत्येक रोल, म्हणजे सरावाची लढत, खालूनच सुरू करायला लावतोय, जुन्या पोरांसोबत. संक्रांतीनंतर वेचणी आटोपली की त्याच्या वजनाच्या पोराशी पूर्ण जोरात धरीन. पायाच्या पकडींत तेव्हाही सरळ घोट्याचीच. त्या दिवशी तुम्ही या, आणि पटाच्या आधी हात कसा मोकळा करायचा ते सगळ्याच पोरांना दाखवा.