तो पिक्चर तुम्ही पाहिलेलाच नाही

"पाहिला गं तुझा तो स्वीडिश पिक्चर. ठीक होता."

रविवारी सकाळी ग्रुपवर हा मेसेज आला आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही. कारण यांनी स्वीडिश पिक्चर पाहिलेलाच नाही. महिनाभर मी एकेकाच्या मागे लागले होते की शनिवारी सगळे जमलात की 'लेट द राइट वन इन' लावा, एका एकट्या मुलाची आणि शेजारच्या व्हॅम्पायर मुलीची ती स्वीडिश गोष्ट. ऐनवेळी मला ताप भरला, मी घरी राहिले. तिकडे यांनी पिक्चर सुरू केला, खाली अक्षरं दिसली, आणि दोन मिनिटांत एकजण म्हणाला, "दिवसभर ऑफिसात स्क्रीनच वाचतो, आता इथेही वाचायचं का? याचं इंग्लिश आहे बघ." आणि लावला 'लेट मी इन', त्याचा अमेरिकन रिमेक. मी विचारलं तर उत्तर काय, "अगं, स्टोरी तीच आहे ना!"

नाही. स्टोरी ती नाहीये. आणि हे वाक्य ऐकून ऐकून मी आता खरंच विटले आहे.

शीर्षकापासूनच बघा. मूळ स्वीडिश शीर्षकाचा अर्थ साधारण असा, की जो खरा, त्यालाच आत येऊ दे. म्हणजे हे दाराच्या आत उभ्या असलेल्या माणसाला सांगितलेलं आहे. कोणाला आत घ्यायचं ते त्याने ठरवायचंय. बारा वर्षांचा, शाळेत रोज मार खाणारा, बर्फात एकटा चाकू घेऊन झाडाला भोसकत बसणारा ऑस्कर हे ठरवणार आहे, आणि अख्खा पिक्चर त्या ठरवण्यावर उभा आहे. रिमेकचं नाव काय? 'मला आत घे.' दाराबाहेरची ती व्हॅम्पायर, एली, आता बोलायला लागली आणि आतल्या मुलाचा निर्णय नावातूनच गेला. एवढ्याशा बदलात सगळं कळतं, तरी कोणाला काही वाटत नाही.

पिक्चर ज्यावरून केला ती यॉन आयविडे लिंडक्विस्टची कादंबरी २००४ची. तो स्वतः ब्लाकेबेर्ग नावाच्या स्टॉकहोमच्या उपनगरात वाढला आणि कथा त्याने तिथेच घडवली. सरकारने आखून बांधलेल्या, एकसारख्या इमारतींच्या वसाहतीत, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. २००८च्या चित्रपटाची पटकथाही त्यानेच लिहिली, दिग्दर्शन टोमास आल्फ्रेडसनचं. बर्फ आणि थंडी खरी हवी म्हणून बरंचसं चित्रीकरण स्वीडनच्या पार उत्तरेला लूलिओला केलं. ती थंडी पडद्यावर दिसते. मुलांच्या तोंडातून निघणारी वाफ दिसते, आणि एली तिथे पातळ शर्टात उभी असते. "तुला थंडी वाजत नाही का," असं ऑस्कर विचारतो तेव्हा आपल्याच अंगावर काटा येतो. व्हॅम्पायर हा शब्द यायच्या कितीतरी आधी आपल्याला कळलेलं असतं, की ही पोरगी थंडी वाजणंच विसरून गेलीये.

आणि यावर रिमेकची घोषणा कधी झाली? मूळ पिक्चर अमेरिकेत थिएटरला लागायच्याही आधी! न्यूयॉर्कच्या ट्रायबेका चित्रपट महोत्सवात त्याला कथाचित्रपटांचा पहिला पुरस्कार मिळाला होता, लोकांपर्यंत तो अजून पोचायचा होता, आणि तेवढ्यात हक्क विकत घेऊन दिग्दर्शक म्हणून मॅट रीव्जचं नावही जाहीर झालं. म्हणजे माणसांनी हा पिक्चर बघावा, तो त्यांना झेपतो का ते तरी कळावं, एवढीही वाट कोणी पाहिली नाही. आधीच ठरवून टाकलं की आमच्या प्रेक्षकाला वाचता येणार नाही. खुद्द आल्फ्रेडसन तेव्हा बोलला होता की रिमेक करायचाच असेल तर फसलेल्या पिक्चरचा करावा, म्हणजे चुका तरी दुरुस्त करता येतील. याहून सरळ बोलणं काय असू शकतं?

आता ग्रुपवरचे लोक मला म्हणतात की सीन तर सगळे तेच आहेत, रुबिक क्यूब आहे, भिंतीवरची टकटक आहे, स्विमिंग पूल आहे. आहेत ना. सीन उचललेत, आणि जिथे मूळ पिक्चर गप्प बसतो, नेमकं तिथे तोंड उघडलंय.

तो म्हातारा आठवतोय? एलीबरोबर राहणारा, तिच्यासाठी माणसं मारून कॅनमध्ये रक्त भरून आणणारा होकान. मूळ चित्रपटात तो तिचा कोण, हे कोणी सांगत नाही. बाप नाही, एवढं समजतं. एकदा तो तिला विनवतो की आज रात्री त्या मुलाला भेटू नकोस, आणि ती त्याच्या गालावर हात ठेवते. बस. त्या एका हातात किती वर्षं आहेत ते तुम्ही ठरवा. मी तो पिक्चर चार वेळा पाहिला आणि चारही वेळा मला वेगळं वाटलं. एकदा वाटलं, ऑस्करचं पुढे हेच होणार. एकदा वाटलं, नाही, हिचं या पोरावर खरंच प्रेम आहे. रिमेकमध्ये काय करतात? ओवेनला, म्हणजे तिथल्या ऑस्करला, फोटोंची एक जुनी पट्टी सापडते. त्यात ॲबी, म्हणजे तिथली एली, आहे, आज दिसते तशीच, आणि शेजारी चष्मा लावलेला लहान मुलगा. झालं. म्हणजे म्हातारा कधीकाळी ओवेनसारखाच होता, ओवेन पुढे म्हातारा होणार, कळलं का सगळ्यांना, चला पुढे. ज्या प्रश्नावर लोक वर्षानुवर्षं तावातावाने भांडतात, त्याचं उत्तर एका फोटोत चिकटवून हातात दिलं. घास चावून तोंडात भरवतात तसं. मला नाही लागत चावलेला घास!

व्हर्जिनियाचं तर मला सगळ्यात जास्त लागतं. स्वीडिश चित्रपटात ती एक साधी, पन्नाशीकडे झुकलेली बाई आहे. तिचा मित्र लाके, त्यांचं दारू पिणारं टोळकं, मांजरांनी घर भरलेला एक शेजारी, ही सगळी त्या वसाहतीतली थकलेली माणसं आहेत. एली तिला चावते, पण मारणं अर्धवट राहतं, आणि आपणही व्हॅम्पायर होत चाललोय हे बाईला हळूहळू उमगतं. मग हॉस्पिटलात ती शांतपणे सांगते, पडदे उघडा. दिवसाचा उजेड आत येतो आणि ती पेटते. तिने ठरवलेलं असतं, असलं जगणं नको. रिमेकमध्ये नर्स येते, पडदा सरकवते, आणि बाई पेटते. अपघात. ठरवणारी बाई गेली, फक्त जाळ राहिला. ते टोळकंही गेलं. त्याच्या जागी एक पोलीस आणला, कारण गुन्हा झाला की पोलीस हवा. ज्याचा मित्र मारला गेला तो लाके सैरभैर होऊन थंडीत भटकतो, रडतो, ते दुःख कुठे गेलं? मेलेल्या माणसाला घर होतं, त्याची वाट बघणारं कोणी होतं, हे आपण विसरू नये म्हणूनच ती माणसं तिथे होती. ती काढल्यावर एलीबद्दल आपल्याला जे अवघडलेपण वाटतं तेही निघून जातं. उरते गोड पोरगी आणि तिची भूक.

ऑस्करच्या बापाचंही तेच. मूळ पिक्चरमध्ये ऑस्कर गावाकडे बापाकडे जातो, दोघं बर्फात खेळतात, संध्याकाळी टेबलाशी फुली-गोळा खेळत बसतात. पोरगा पहिल्यांदाच मोकळा हसतो. तेवढ्यात बापाचा एक मित्र येतो, बसतो, बाटली निघते. बाप हळूहळू पोराकडे बघायचाच थांबतो. कोणी ओरडत नाही, कोणी हात उगारत नाही. पोरगा फक्त बघत राहतो. दारू प्यायला बसलेल्या बापासमोर कधी बसलेलं कोणीही माणूस हा सीन बघून गप्प होईल. रिमेकमध्ये बाप फोनवरचा आवाज आहे. आणि आईचा चेहरा मुद्दाम धूसर ठेवलाय, म्हणजे आई लक्ष देत नाही हे आपल्याला कॅमेऱ्यानेच सांगावं. हे असं बोट धरून दाखवत नेलं की माझं डोकं फिरतं.

मूळ पिक्चरमध्ये एली म्हणते, "मी मुलगी नाहीये." आणि पुढे क्षणभर, डोळ्याचं पातं लवेपर्यंत, एक जुनी जखम दिसते. कादंबरी वाचलेल्याला त्यामागची भयंकर गोष्ट माहीत असते. न वाचलेला हादरतो आणि विचार करत राहतो. रिमेकने "मी मुलगी नाहीये" एवढं वाक्य ठेवलं आणि ती जखम काढून टाकली. मग त्या वाक्याला अर्थ काय उरला?

डबिंग लाव म्हणणाऱ्यांनाही सांगते. आल्फ्रेडसनने एलीचं काम करणाऱ्या लीना लिआंदेर्सोनचा आवाजसुद्धा वापरला नाही. तो फार मुलीचा वाटत होता, म्हणून दुसऱ्या मुलीचा, जरा जड आवाज घेतला. एवढा विचार एका आवाजावर! दोनशे वर्षं जगलेलं लेकरू बोललं तर कसं बोलेल, हे शोधून तो आवाज ठेवलाय. आणि तुम्ही त्यावर कोणाचाही इंग्रजी आवाज चिकटवून म्हणणार, तेच तर आहे.

बरं, खाली वाचायच्या अक्षरांचाही कोणी मान ठेवला का? २००९मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली, तर तिच्यावरचे सबटायटल थिएटरपेक्षा वेगळेच. वाक्यं छाटलेली, सोपी करून सपाट केलेली. प्रेक्षकांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवला, आरडाओरडा केला, तेव्हा कुठे कंपनीने पुढच्या प्रतींवर थिएटरवाले सबटायटल द्यायचं कबूल केलं. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. दोन ओळींच्या भाषांतरासाठी भांडले ती माणसं. आणि इथे माझे मित्र अक्षरं दिसली म्हणून पिक्चर बदलतात.

हेच मित्र २०१८ला 'धडक' आला तेव्हा कसे पेटले होते ते मला लख्ख आठवतंय. 'सैराट'मधली जात पुसली, करमाळ्याकडची ती माती काढून उदयपूरचे महाल घातले, वर म्हणतात तीच गोष्ट आहे, असं म्हणून रात्री दीड वाजेपर्यंत टाइप करत होते. बरोबरच होतं. मीही होते त्यात. मग जे आपल्या आर्ची-परश्याबद्दल कळतं, ते स्वीडनच्या पोरांबद्दल का कळत नाही? तिकडच्या माणसाला त्याची वसाहत, त्याचा बर्फ, त्याची भाषा आपल्याइतकीच प्यारी नसेल का? ब्लाकेबेर्ग उचलून न्यू मेक्सिकोच्या लॉस अलामोसला नेऊन ठेवलं. अणुबॉम्ब जिथे तयार झाला ते गाव! तिथे नेलंच आहे तर त्या गावाचं काहीतरी करा. काही नाही. टीव्हीवर रेगनचं भाषण लावलं आणि झालं त्यांचं १९८३.

रिमेक टाकाऊ नाही. रिचर्ड जेनकिन्सने म्हाताऱ्याचं काम जीव ओतून केलंय, आणि गाडीच्या आत कॅमेरा ठेवून घेतलेला तो अपघात मीही श्वास रोखून पाहिला. स्टीफन किंगने तर त्याची तोंड भरून स्तुती केली होती. पण त्यानेच माझा जास्त संताप होतो. वाईट असता तर तुम्ही म्हणाला असतात, चल, आता मूळचा लाव. बऱ्यापैकी आहे म्हणून तुम्ही समाधानाने झोपायला गेलात. आणि ज्यांना वाचायचा कंटाळा म्हणून हे सगळं केलं, ते तरी आले का? दोन कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला आणि अमेरिकेत कमाई सव्वा कोटीच्याही खाली राहिली.

शेवट सांगते. ट्रेन चाललीये. दिवस आहे, म्हणून एली मोठ्या पेटीत. ऑस्कर शेजारी बसलाय. पेटीवर टकटक होते. तो मोर्स कोड, भिंतीपलीकडून एकमेकांना रात्री बोलवायला दोघं शिकलेले. त्या टकटकीत 'पुस' हा शब्द आहे, स्वीडिशमध्ये छोटीशी पापी. पडद्यावर तो कोणी लिहून देत नाही. रिमेकमध्येही ट्रेन आहे, पेटी आहे, टकटक आहे. आणि त्यावर ओवेन एका चघळायच्या गोड गोळीच्या जाहिरातीचं गाणं गुणगुणतो.

ग्रुपवर मी काल एवढंच लिहिलं की तुम्ही तो पिक्चर पाहिलेला नाही, पाहिला म्हणू नका. खाली कोणीतरी हसण्याची इमोजी टाकली. येत्या शनिवारी माझ्या घरी स्वीडिशच लागणार आहे, नऊ वाजता. एकच माणूस आला तरी लागणार आहे.